गंजाची जागा

ऐरोली, सेक्टर आठ, मागची खोली.
जुन्या दाराच्या फळीवर रबाळ्याची साइडिंग
सत्याऐंशी पटींनी लहान होऊन आडवी पडली आहे.
पारसिकचा डोंगर थर्माकोलचा, वरून प्लास्टर,
रुळांखालची खडी म्हणजे चहाचा चोथा,
वाळवलेला, दोनदा चाळलेला,
फेविकॉलच्या पाण्याने जागच्या जागी बसवलेला.
बायको म्हणते, या घरात चहा आधी गाडीला, मग माणसांना.

खाडीला तीन रविवार गेले.
पहिल्यांदा निळी केली आणि माझं मलाच हसू आलं.
हिला निळी कुणी पाहिली आहे?
मग राखाडी केली, त्यात चिमूटभर मेंदी,
ओहोटीच्या चिखलावर वॉर्निशचा एक हात,
काठाने काथ्याची तिवरं टोचली.
आता बरोबर दिसते. वासाचं तेवढं राहिलं.

टाकीचे डबे खोक्यातून निघाले
ते चिंचेने घासलेल्या तांब्यासारखे लखलखीत.
असा डबा मी उभ्या नोकरीत पाहिला नाही.

एकतीस वर्षं मी गंज काढला.
आधी तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर,
मग रेड ऑक्साइड, ते चोवीस तास वाळू द्यायचं,
मग रुपेरी रंग.
कासकर साहेब नखाने खरवडून बघायचे;
पोपडा सुटला की सगळं पहिल्यापासून.
आत आमचं आम्ल, बाहेर खाडीची हवा.
या टोकाकडून त्या टोकाकडे रंगवत जायचो
आणि त्या टोकाला पोचेतो
या टोकाला पुन्हा लाल फुटलेलं असायचं.

आता शून्य नंबरचा ब्रश घेऊन
तोच गंज मी ठिपक्याठिपक्याने परत देतोय.

कुठे द्यायचा, ते मला विचारा.
हौशी लोक सगळीकडे सारखा फासतात.
तसा तो येत नसतो.
तो येतो वेल्डिंगच्या शिवणीला,
शिडीच्या शेवटच्या पायरीच्या पोटाला,
झाकणाच्या बोल्टाभोवती, जिथे पाणी दुपारपर्यंत रेंगाळतं.
आणि रंगाऱ्याचा हात पोचत नाही
तिथे तर हमखास.
ती जागा मला माहीत आहे. तो हात माझा होता.

नंबर घालायचे हसनभाई डावरे.
स्टेन्सिल हरवलं होतं, मग हातानेच.
त्यांचा आठ म्हणजे एकावर एक दोन शून्यं,
मध्ये बोटभर फट.
कारखाना विकला तेव्हा डबे किलोवर गेले,
फट असलेल्या आठांसकट.
काल भिंगाखाली तो आठ काढायला बसलो.
पहिला फार सुबक आला. पुसला.
दुसराही सुबक. पुसला.
चौथ्याला चष्मा काढला, तेव्हा जमला.

शेजारच्या मढवींची ओवी, पाचवीतली,
हनुवटी फळीला टेकवून बघत होती.
काका, नवी गाडी कशाला घाण करता?
म्हटलं, घाण नाही गं, ही नोंद आहे.
तिला पटलं नाही. मलाही तितकंसं नाही.
मग तिने विचारलं, मी एक करू?
आणि दातकोरणीच्या टोकाने
टाकीच्या डोक्यावर पांढरा ठिपका ठेवला.
इथे कावळा बसला होता, म्हणाली.
अख्ख्या साइडिंगवर
त्याच्याइतकी खरी गोष्ट दुसरी नाही.

रात्री रेग्युलेटर हलकेच फिरवला.
सहा डबे डोंगराला वळसा घालून आले,
तिसऱ्या सांध्यावर जरासे अडखळले,
माझ्यासमोर थांबले.
सवयीने मी नखाने खरवडून पाहिलं.

पोपडा सुटला नाही.